फूटभर चौकोन

हार्डबोर्डमध्ये चौकोन कापायचा असेल तर करवत आधी बाजूला ठेवावी. करवतीनं हार्डबोर्ड कापलं जात नाही, फाटतं. वरची गुळगुळीत बाजू दिसायला मोठी सोज्वळ, पण दातांचा झटका बसला की तिचे पापुद्रे सुटतात आणि कडा उंदरानं कुरतडल्यासारखी होते. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो, लोखंडातला केसाएवढा फरक बोटानं ओळखायचो, आणि आयुष्यातलं पहिलं हार्डबोर्ड मी असंच कुरतडून ठेवलं. मिस्त्री शेजारी उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, "फिटरसाहेब, हे लोखंड नाय. ह्याला दम दिला की हे रुसतं."

मिस्त्री म्हणजे आमच्याच कारखान्यातला सुतार. यंत्रं बाहेर पाठवायची तर त्यांना लाकडी खोकी लागत, ती तो पॅकिंग खात्यात बनवायचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो, तो मला डिवचायला फिटरसाहेब म्हणायचा. नावं लिहीत नाही. तो हे वाचणार नाही, पण त्याच्या घरचं कुणी वाचेल, आणि त्यांनी काय वाचावं हे ठरवायचा अधिकार मी फार पूर्वीच घालवलेला आहे.

परवा मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम चाललं होतं. आता हार्डबोर्ड कुणी विचारत नाही, एमडीएफ असतं. दोन पोरगे मशीन घेऊन आले, भर्रकन स्विचबोर्डाचे चौकोन पाडले, कोपरे गोल, कडा तुटलेल्या, एक रेघ पूर्वेला तर दुसरी पश्चिमेला. मी बोललो तर म्हणाले, काका, वरून पट्टी मारतो, दिसणार नाही. माझं डोकं फिरलं. मी त्यांना गुण्या म्हणजे काय, काटकोन म्हणजे काय, हे चढ्या आवाजात सांगायला लागलो. मुलानं मला गोड बोलून गच्चीत नेऊन बसवलं आणि चहा दिला. म्हातारपणी माणूस कशावरूनही चिडतो असं त्याला वाटतं. मला वाकडं काम सहन होत नाही हे खरंच आहे. पण माझ्या हातून सरळ काम काय झालं होतं, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी शहरात आलो. मुकुंदवाडीच्या बाजूला एका शेतकऱ्यानं ज्वारीच्या रानात पत्र्याच्या लांबलचक खोल्या बांधल्या होत्या. कारखाने वाढत होते, आणि ज्वारीपेक्षा भाडेकरू बरे पिकतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यातली एक लांब खोली मी आणि मिस्त्रीनं मिळून घेतली. मी पैठणकडचा, घरची शेती. तोही आमच्याच तालुक्यातला, दोन गावं सोडून पलीकडचा. पण त्याचं घर गावाच्या कडेला, बौद्ध वस्तीत. गावात असतो तर मी त्याच्या दारात गेलो नसतो आणि तो आमच्या चुलीपर्यंत आला नसता. इथं कारखान्यात दोघांचे तिकीट नंबर लागोपाठचे होते, सायकली शेजारी लागत आणि डबा एकाच बाकावर उघडत असे. शहरात आलो की जुनं सगळं मागं राहतं, असं मला त्या वयात प्रामाणिकपणे वाटत होतं. दोघांचीही नवी लग्नं झालेली. खोलीला दोन टोकांना दोन दारं होती, मधे फक्त पडदी हवी होती.

भंगारवाल्याकडं परदेशी यंत्रांच्या खोक्यांचं हार्डबोर्ड मिळालं, एक सूत जाडीचं, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं जाळीदार. चौकटीच्या पट्ट्या खोक्यांच्याच. खिळे शहागंजातून आणले. सगळं जमलं आणि मग बल्बाचं घोडं अडलं. मालकानं अख्ख्या खोलीला एकच बल्ब दिला होता, मधल्या आडव्या बल्लीवरून लोंबणारा, आणि त्याचं बटण माझ्या दाराजवळ. पडदी बरोबर त्या बल्बाखाली येत होती. दुसरा बल्ब देणार नाही, भाडं एका खोलीचं देता तर उजेडही एका खोलीचाच, असं मालकाचं सरळ गणित.

यावर तोड मिस्त्रीनंच काढली. पडदीच्या वरच्या भागात फूटभर लांबीरुंदीचा चौकोन कापायचा आणि बल्ब त्याच्या मधोमध सोडायचा. निम्मा उजेड इकडं, निम्मा तिकडं. बटण माझ्याकडं असणार, याबद्दल तेव्हा कुणाच्याच मनात काही आलं नाही.

तो चौकोन मी कापणार म्हणून हट्ट धरला. हार्डबोर्डचा एक पत्रा मी करवतीनं वाया घालवलाच होता, त्याची लाज होती. मिस्त्रीनं तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडला चाकावर धार लावून केलेली सुरी माझ्या हातात दिली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आधी गुण्याची काटकोनी पट्टी लावून बारीक पेन्सिलनं चौकोन आखायला लावला. मग दोन्ही कर्ण मोजायला लावले, कारण बाजू सारख्या असल्या तरी चौकोन तिरपा असू शकतो. चारी कोपऱ्यांत दाभणानं आरपार टोचलं, म्हणजे मागच्या बाजूलाही नेमके तेच कोपरे सापडतात. मग लोखंडी पट्टी रेघेवर दाबून सुरी ओढायची. जोर लावायचा नाही. पहिल्यांदा नुसती खूण उमटेल इतकीच, मग पुन्हा, मग पुन्हा, वीस वेळा म्हणा. मी मधून सुरी कोपऱ्याकडं नेत होतो, त्यानं मनगट धरलं.

"कोपऱ्यातून मधी यायचं," तो म्हणाला. "मधून कोपऱ्याकडं गेलास की सुरी थांबत नाय. पुढं सटकती, अन् गेलेली रेघ माघारी येत नाय."

मग पालथं घालून जाळीच्या बाजूनं तेच. शेवटी अंगठ्यानं दाबलं तर तुकडा हलकेच सुटून खाली घेतलेल्या पाटावर पडला. कडा ब्लेडनं कापलेल्या कागदासारख्या. मी गंमत म्हणून तो तुकडा परत जागेवर दाबून बसवला तर चारी बाजूंनी पकडून राहिला, बोट फिरवलं तरी सांधा लागेना. मी मिस्त्रीकडं बघितलं. तो हसला आणि म्हणाला, असा निघालेला तुकडा टाकत नसतात, ठेवून दे. मी तो ट्रंकेमागं उभा करून ठेवला. पुढं कितीतरी दिवस घरी आलेल्या प्रत्येकाला मी तो चौकोन दाखवत असे. बायको म्हणायची, लेकरू झाल्यावर एवढं मिरवू नका म्हणजे झालं.

हार्डबोर्ड ठोकण्याआधी मिस्त्रीनं सगळ्या पत्र्यांच्या जाळीवर पाणी मारलं आणि एक रात्र ते एकमेकांवर पालथे घालून ठेवले. मी हसलो. लाकडाला कुणी आंघोळ घालतं का. तो म्हणाला, कोरडं ठोकलं तर पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि पोट सुटतं, पाणी पाजून ठोकलं तर वाळताना ताणून बसतं. पत्र्यांना पाणी पाजलं. ट्रंकेमागचा तुकडा तेवढा कोरडा राहिला.

दोन वर्षं बरी गेली. त्या चौकोनातून तिकडची फोडणी इकडं यायची आणि इकडचा ठसका तिकडं जायचा. बायकांचं बोलणं तिथूनच चालायचं. एक रिवाज आपोआप पडला. दिवा घालवण्याआधी माझी बायको पडदीवर बोटानं दोनदा टकटक करायची. पलीकडून दोनदा टकटक आली की बटण वर. नाही आली तर त्यांचं काही राहिलंय, जेवण म्हणा, टाका घालणं म्हणा, मग थांबायचं. बटण आमचं असलं तरी दिवा कधी घालवायचा ते दोन्ही घरं मिळून ठरवत.

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शहरात बंद, मोर्चे, दगडफेक, एसटी उभ्या. खेड्यांत त्याहून वाईट. वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. कारखान्यात डब्याचे बाक बदलले. कुणी सांगितलं नव्हतं, पण एका आठवड्यात इकडचे इकडं आणि तिकडचे तिकडं बसायला लागले. मी आणि मिस्त्री त्याच बाकावर बसत राहिलो, आणि त्याचा मला मनातून अभिमान वाटत होता. अभिमान वाटावा असं त्यात काही नव्हतं. आम्ही फक्त जेवत होतो.

त्याच दिवसांत मिस्त्रीची आई गावाहून आली. हातात एक गाठोडं, अंगावरचं लुगडं एका बाजूनं करपलेलं. त्यांचं घर राहिलं नव्हतं. मिस्त्री कारखान्यात यातलं काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं ते एवढंच की सासूबाई घरात काडी ओढू देत नाहीत. काडीपेटीचा आवाज झाला तरी म्हातारी उठून बाहेर जाऊन बसायची. त्यामुळं स्टोव्ह दारापुढच्या पत्र्याखाली गेला, चिमणी आणि कंदील माळ्यावर गेले. अंधार पडला की तिला एकच उजेड चालायचा, बल्बाचा. ती समोरच्या भिंतीला टेकून बसायची आणि चौकोनाकडं बघत राहायची. एकदा तिथूनच माझ्या बायकोला म्हणाली, "माय, दिवा लगीच मालवू नको." तेव्हापासून बायको म्हातारी झोपल्याची टकटक आल्याशिवाय बटणाला हात लावत नसे.

हे सगळं मला माहीत होतं. पुढं मी जे केलं ते माहीत असून केलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

श्रावण लागायच्या सुमाराला एसटी सुरू झाल्या आणि माझे वडील आले. धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा शहरातच नोकरीला, त्याच्या घरचे मुलीच्या भावाचं घर बघायला परवा येणार होते. वडिलांनी गूळ आणि नवी चादर आणली होती. हातपाय धुऊन ते बसले आणि त्यांची नजर वर गेली. भोक कशाचं, म्हणून विचारलं. मी सांगितलं. पलीकडं कोण राहतं, म्हणून विचारलं. तेही सांगितलं, कुठल्या गावचे तेसुद्धा. ते जेवायला बसले. हात धुतल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "परवा पाव्हणे येतेत. पोरीचं जमतंय. ते बुजव."

मी त्यांना म्हातारीबद्दल सांगितलं. काडी, कंदील, करपलेलं लुगडं, सगळं सांगितलं. सांगता सांगता मी विचारून गेलो की ती वस्ती जळाली त्या रात्री आपल्या घरचं कुणी गेलं होतं का. वडिलांनी रिकामा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "पाणी दे."

मी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, पाहुणे गेले की तुला काय करायचं ते कर, पण त्या पोरीच्या पायात काटा नको. आपलीच मोरी आणि अंघोळीची चोरी, असं मी मनात म्हटलं आणि मान हलवली. खरं तर तसंही नव्हतं. मला कुणी बांधून घातलं नव्हतं. मी नाही म्हणालो असतो तर वडील रागावून दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेले असते आणि पंधरा दिवसांनी परत आले असते. बायको म्हणाली, निदान मिस्त्रीभावजींना विचारून करा. विचारायला तोंड हवं. उद्या मिस्त्रीची दुपारची पाळी होती आणि मला ते सोयीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंकेमागचा तुकडा काढला, स्टुलावर चढलो, बल्ब वायरसकट आपल्या बाजूला ओढून घेतला. मिस्त्रीची बायको नळावर गेली होती. म्हातारी आत होती, नेहमीच्या जागी. चौकोनातून मला ती दिसली आणि तिला मी दिसलो. ती म्हणाली, "काय करतूस, बाबा?"

"काय नाय, आजी," मी म्हणालो. "पाव्हणे येणारेत."

एवढ्यानं तिला सगळं कळावं अशा थाटात मी हे बोललो, आणि तिला कळलंही असणार, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही. मी तुकडा लावला आणि तळव्यानं दाबला. तो टप असा आवाज करून बसला. खिळा लागला नाही. बोट फिरवलं, सांधा लागेना. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा ते काम बघून मला बरं वाटलं.

संध्याकाळी पलीकडं माळ्यावरून कंदील काढल्याचा आवाज आला. मग म्हातारीचं "नगं, नगं" ऐकू आलं, मग दार वाजलं आणि ती बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली. पाऊस लागून होता. थोड्या वेळानं कंदील विझवला असावा, कारण ती आत आली. त्यानंतर तिकडं भांडंसुद्धा वाजलं नाही. त्या दोघींनी अंधारात जेवण केलं की केलंच नाही, मला माहीत नाही. वडील जागे होते. त्यांनी कूस बदलली आणि तोंडावर पांघरूण घेतलं.

पाहुणे आले. पोहे, चहा झाला. मुलाच्या काकांनी पडदीवर हात फिरवून काम झकास आहे म्हटलं, आणि वडील माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसले. लग्न ठरलं. वडील गेले. पण जाताना सांगून गेले की साखरपुड्याच्या बोलण्याला ते लोक पुन्हा येतील.

चौथ्या दिवशी डब्याच्या बाकावर मिस्त्री नेहमीसारखा शेजारी येऊन बसला. मी मनाशी शब्द जुळवत होतो. त्यानं भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुकड्याला पाणी मारून बसवला का कोरडाच?"

"कोरडाच."

"मंग फुगंल," तो म्हणाला. "काढायचा असंल तर दोन-चार दिसांत काढ. पुढं निघायचा नाय."

त्यानं शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो आणि भांडून का होईना मोकळा झालो असतो. त्यानं मला सुताराची माहिती दिली. तो माझ्यासाठी दार उघडं ठेवतोय हे मला तिथल्या तिथं कळलं. मी म्हणालो, "बघतो." त्यावर तो जेवून उठला, आणि तो आमच्या बाकावरचा शेवटचा डबा. दुसऱ्या दिवसापासून तो त्याच्या लोकांत जाऊन बसला. मला राग आला, त्याचा. माणूस स्वतःवर चिडतो तेव्हा पहिला राग ज्याचं नुकसान केलं त्याच्यावरच काढतो.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज उद्या काढू म्हणत राहिलो. पाऊस थांबत नव्हता, पत्र्याखाली कपडे वाळत नव्हते. शेवटी एका रविवारी मिस्त्रीच्या घरचे बाहेर गेले होते तेव्हा मी स्टूल लावलं. तळव्यानं दाबलं, हलेना. मुठीनं ठोकलं, हलेना. कोरड्या तुकड्यानं एवढे दिवस हवेतलं पाणी पिऊन घेतलं होतं आणि चारी बाजूंनी आवळून बसला होता, मधे थोडं पोटही आलं होतं. बायकोनं न सांगता हातोडी आणून दिली आणि स्टूल धरून उभी राहिली.

"फोडा," ती म्हणाली.

मी हातोडी उगारली आणि खाली घेतली. म्हणालो, कड तुटंल. फोडलं तर चौकोनाची कडा खराब होईल, पुन्हा तसा कापता यायचा नाही, वाळल्यावर आपोआप सैल होईल तेव्हा अलगद काढू. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरलेलो नाही. तिनं स्टूल सोडलं आणि चुलीकडं गेली. त्या दिवसापासून मी घरी येईपर्यंत ती दिवा लावेनाशी झाली. अंधारात बसून राहायची. मी येऊन बटण दाबायचो. टकटक तर तुकडा बसवला त्याच दिवशी बंद झाली होती.

मिस्त्रीनं मालकाकडं स्वतंत्र बल्ब मागितला. मालक दसऱ्यानंतर म्हणाला, मग दिवाळीनंतर म्हणाला. मिस्त्रीनं बॅटरी विकत आणून खिळ्याला टांगली. सेल लवकर उतरायचे. दिवाळीनंतर बहिणीचं लग्न झालं, ती सुखात नांदली, तिला यातलं काही माहीत नाही. थंडी पडली, हवा कोरडी झाली. संक्रांतीच्या आसपास मी स्टुलावर चढून बघितलं तर तुकडा आकसला होता. भोवती केसाएवढी काळी फट दिसत होती. आता एका बोटानं तो निघाला असता. लग्न होऊन गेलं होतं, पाहुणे येणार नव्हते, वडील गावी होते. अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मी खाली उतरलो आणि स्टूल जागेवर ठेवलं. आता काढला तर सहा महिने का नाही काढला याचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि त्यापेक्षा न काढणं सोपं होतं. मी भेकड होतो. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

होळी झाल्यावर ते गेले. हर्सूलच्या बाजूला कुणाच्या ओळखीनं खोली मिळाली म्हणे. हातगाड्यावर सामान चढवलं. म्हातारीनं माझ्या बायकोच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी पुढं होऊन ट्रंकेला हात लावला तर मिस्त्री म्हणाला, "राहू द्या, साहेब." फिटरसाहेब नाही, नुसतं साहेब, आणि राहू दे नाही, राहू द्या. थोड्या दिवसांत त्यानं आमचा कारखानाही सोडला.

पुढचंही इथंच सांगून टाकतो. सोळा वर्षांनी विद्यापीठाला ते नाव लागलं. त्या दिवशी मी वाळूजच्या नव्या कारखान्यातल्या पाळीला दांडी मारून विद्यापीठाच्या दरवाजापाशी गेलो. निळे झेंडे, गुलाल, बायामाणसं, लेकरं खांद्यावर. मिस्त्री तिथं नक्की असणार असं मला वाटत होतं. दोन तास उभा राहून मी चेहरे बघितले. एका अनोळखी माणसानं माझ्या हातावर पेढा ठेवला. मिस्त्री दिसला नाही. दिसला असता तर काय बोललो असतो, ते मी ठरवलेलं नव्हतं. पेढा खाल्ला आणि बसनं घरी आलो.

राहिली ती एकच संध्याकाळ, ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मालक म्हणाला, अख्खी खोली तुम्हीच घ्या. म्हणून मी पलीकडची बाजू बघायला गेलो. कारखान्यातून आलो तसाच, बायकोला सांगितलं की जरा तिकडं जाऊन येतो. दिवस मावळला होता. दार ढकललं. आत काही नव्हतं, झाडून सारवून स्वच्छ करून गेले होते. बॅटरीचा खिळा तेवढा भिंतीत होता. समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा गोल डाग होता. म्हातारी तिथं टेकून बसायची. मी तिथं जाऊन बसलो आणि त्याच डागाला डोकं टेकलं.

तेवढ्यात बायकोनं पलीकडं बटण दाबलं.

पडदीवर वरच्या बाजूला चार रेघा उजळल्या. बारीक, लख्ख, काटकोनात मिळालेल्या चार रेघा, आणि मधे फूटभर काळोख. एकही रेघ कुठं वाकलेली नव्हती, एकही कोपऱ्याच्या पुढं गेलेली नव्हती. खोलीत त्यांचा उजेड कणभरही पडत नव्हता. स्वतःचा हातही दिसत नव्हता. माझ्या बाजूनं मला फक्त काळी फट दिसली होती, ती या बाजूनं अशी दिसत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळी थंडी म्हातारी रोज संध्याकाळी इथं बसून या रेघांची वाट बघत असणार. आणि बायको मी आल्याशिवाय दिवा लावत नसल्यानं, तिला माझ्याच येण्याची वाट बघावी लागत असणार.

मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मग पडदीवर टकटक झाली, दोनदा. बायकोला दिवा घालवायचा होता. मी इकडं आहे हे तिला माहीत होतं.

मला हात उचलता आला नाही. तिनं वाट बघितली, पुन्हा दोनदा वाजवलं, आणि पलीकडून उत्तर आलं नाही म्हणून दिवा तसाच राहू दिला.